सारवलेली जीप

उकंडरावाच्या जीपमध्ये बसायचं तर आधी पायातल्या चपला काढून हातात घ्याव्या लागत. देवळात शिरतो तसं. नवखा माणूस चिखलाचा पाय वर टाकायला लागला की उकंडराव स्टेअरिंगवरूनच ओरडे, "ओ पाव्हणं, सारवलेलं आहे!" पाहुणा खाली बघे, तर खरंच, जीपचा पत्रा अंगणासारखा शेणानं सारवलेला, आणि त्यावर बोटांच्या अर्धगोल रेघा एकीला एक लागून उमटलेल्या. कोणी हसे, कोणी हात जोडी. चपला मात्र सगळेच काढत.

जीप लढाईतली. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या मालातून ती खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्यानं घेतली होती, आणि मन भरल्यावर आवारातल्या बाभळीखाली सोडून दिली होती. उकंडरावाची मळ्यात वांगी-मिरची. एका साली मिरची चांगली पिकली आणि तो खामगावला जाऊन जीपच घेऊन आला. स्टेअरिंग डाव्या हाताला, वर ताडपत्रीचं छप्पर. पण चारही चाकांना जोर होता. पावसाळ्यात ज्या नाल्यात बैल गुडघे टेकत, तिथून ती गुरगुरत वर येई.

ती घरी आली त्या दिवशी सत्यभामाबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मग आत वाकून बघते, तर पुढच्या बाजूला पत्र्याला रुपयाएवढं भोक.

"हे भोक काऊन असंन हो?"

"गोळी लागली असंन लढाईत," उकंडराव छाती काढून म्हणाला. "पण मिरची गळन ह्याच्यातून. असं कर, लिंपून घे. अन् लिंपतच आहे तं सगळंच सारव. घरी आलं थे घरच."

"लोखंडाले सारवतात का?"

"तू सारव तं खरी."

सत्यभामाबाईनं सारवलं. सारवण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. कुणाच्या घरी लग्न निघालं की बोहल्यावर शेणाचा पहिला हात तिचा. नवरात्रात घट बसायच्या आधी देवीचा ओटा तिनंच सारवायचा, हे तर तिच्या सासूपासून चालत आलेलं. तिचं सारवण पातळ, सपाट, वाळल्यावर कुठं भेग नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी ती जीप सारवी, पावसाळा असो की उन्हाळा. आणि उकंडराव दुसरबीडच्या बाजारात ते दाखवत फिरे. बायकोच्या हाताचं कौतुक झालं की त्याला ते आपलंच वाटे.

अशी बरीच सालं गेली.

भादव्यातला एक बाजार होता. रात्रभर झड लागून सकाळी उघडलं होतं. पुढं उकंडरावाच्या बाजूला शेजारच्या मळ्यातला मोतीराम बसला होता, चपला मांडीवर घेऊन. मागं मिरचीनं भरलेल्या डाली, डालींच्या मधे सत्यभामाबाई, आणि मागच्या फळीवर गावचा लोहार कडूबा. दुसरबीडला हॉटेलासमोर जीप थांबली. मोतीराम उतरायला म्हणून उठला, त्यानं उजव्या पायावर भार दिला, आणि 'कर्र' करून पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला.

त्याचा अनवाणी पाय जीपच्या खाली चिखलात उभा राहिला. बाकीचा मोतीराम वर.

हॉटेलात चहा पिणारी माणसं कपबशा हातात घेऊनच बाहेर आली.

"अरे, जीपले पाचवा पाय फुटला बे!"

"पेट्रोल संपलं असंन. पायानं ढकलून राह्यले."

"हसता काय, काढा मले!" मोतीराम ओरडला. चपला त्यानं अजून हातात धरून ठेवल्या होत्या, आणि त्यामुळं लोक जास्तच हसत होते.

चौघांनी धरून त्याला वर ओढलं. नडगी सोलून निघाली होती. कडूबानं फुटलेल्या कडेला बोटं घातली आणि सारवणाचा एक तुकडा उचलला. भाकरीएवढा जाड. थरावर थर बसून एवढा झालेला. खालून तो ओला होता, आणि त्याला चिकटून पत्र्याचे तांबडे पापुद्रे आले, करंजीच्या कडेसारखे.

"भाऊ, हे ओल धरते ना," कडूबा म्हणाला. "अन् हे भोक पहा. हे पाणी जायासाठी ठेवेल असते. थे बुजवलं तुमी. पाणी जाईन कुठं? लोखंड कुजलं."

"लोखंडाले कोणी सारवते काय?" हॉटेलवाला म्हणाला. "कोणाचं हे डोकं?"

सगळे उकंडरावाकडे बघायला लागले. ज्यांनी इतकी सालं चपला काढल्या तेही बघायला लागले. उकंडरावाचे कान तापले. आणि त्याच्या तोंडातून शब्द निघाले ते असे निघाले, जसे तयारच बसले होते:

"बाईमाणूस! लाख वेळा सांगतलं, नोको सारवू, नोको सारवू. आयकते कोण? बायकांची अक्कल चुलीपुरती."

लोक पुन्हा हसले. पण आता ते उकंडरावाला हसत नव्हते. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरला त्याच क्षणी त्याला कळलं की तो कुठं जाऊन पडला.

सत्यभामाबाई मागंच बसली होती. ती खाली उतरली, ओळखीच्या दुकानातून चिमूटभर हळद मागून आणली, आपल्या जुन्या लुगड्याच्या पदराची चिंधी फाडली आणि मोतीरामाची नडगी बांधली.

"राहू द्या वहिनी," मोतीराम कुरकुरला. "तुमचा हात लागला की पत्रा गळते, माह्या नडगीचं काय?"

ती तरीही बांधतच होती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेणाची पाटी घेऊन अंगणात उभी राहिली.

"अंगण सारवू का?"

उकंडराव दात घासत होता. "मले काय विचारते?"

"माही अक्कल चुलीपुरती आहे ना. अंगण चुलीच्या भाईर आहे."

त्याच्या तोंडात राखुंडी तशीच राहिली. पुढं ती असं टोचून एकदाही बोलली नाही. ती फक्त विचारी. आवाज खाली, डोळे खाली. "तुळशीपाशी सारवू का?" "ओसरीले पोतेरं देऊ का?" प्रत्येक वेळी ती उत्तराची वाट बघत थांबे, आणि त्याला "हाव" म्हणावं लागे. चिडावं तर कशावर चिडावं?

जीप दारच्या निंबाखाली लावली. कडूबा हत्यारं घेऊन तिथंच आला. दोघांनी मिळून सीटा काढल्या, ताडपत्री काढली, सारवणाचे पोपडे खुरप्यानं उचकून टाकले. उघडी पडलेली जीप बघवत नव्हती. खरूज झालेल्या गुरासारखी दिसत होती.

"एक ठिगळ मार वरून," उकंडराव म्हणाला. "दिवाळीपर्यंत चालली म्हणजे झालं."

कडूबा हसला. त्यानं छोटी हातोडी घेतली आणि पत्रा वाजवत निघाला. बोटाबोटानं सरकत. जिथं लोखंड जिवंत होतं तिथं 'ठण्' असं उत्तर येई. जिथं मेलं होतं तिथं नुसतं 'थप्'. थप् ऐकू आलं की तो चुन्याच्या बोटानं खूण करी. वरून धडधाकट दिसणारा पत्राही कैक ठिकाणी थप् म्हणाला. शेवटी चुन्याची रेघ फुटलेल्या भोकाच्या चौपट मोठी झाली.

"एवढं सारं काढायचं?"

"काढा लागन. सडकं ठेवून त्याले नवं जोडलं तं रिबिटाचा खिळा कोणाले धरन? पहिल्या खड्ड्यात बाहेर येईन थे."

छिन्नीनं पत्रा कापायला दोन-तीन दिवस लागले. मग उरलेल्या पत्र्याचा गंज घासायचं काम निघालं. आधी घासलेट लावून ठेवायचं, मग विटेच्या तुकड्यानं घासायचं, मग वाळूनं, मग चिंधीनं. बघायला सोपं, पण घटकाभरात खांदे भरून येत. तांबडी धूळ उडे, घामात मिसळे, पापण्यांवर बसे.

दुपारी मळ्यातून परत आल्यावर सत्यभामाबाईनं विटेचा तुकडा उचलला आणि जीपच्या दुसऱ्या अंगाला घासायला बसली.

"राहू दे, आमी करतो," उकंडराव म्हणाला.

"माहंच पाप आहे म्हणते गाव. मलेच घासू द्या."

कडूबा तिथंच होता. उकंडरावानं त्याच्याकडे बघितलं नाही.

तिची बोटं गंजानं तांबडी झाली. राखेनं घासली तरी नखांच्या कडांना रंग राहिलाच. संध्याकाळी तिनं थापलेल्या भाकरीवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते, फिकट तांबडे. उकंडरावानं भाकरी मोडली. ठसा असलेला तुकडा त्यानं आधी बाजूला ठेवला. ती बघते आहे असं वाटून मग उचलून तोंडात घातला. लोखंडाची चव होती की नुसती त्याच्या मनातली, कोण जाणे. तो घास खूप वेळ तोंडात फिरला.

पितरांचा पंधरवडा सरत आला तेव्हाची गोष्ट. उकंडराव जीपच्या खाली पाठीवर उताणा पडून पत्रा खरवडत होता. त्याचे पाय तेवढे बाहेर होते. दारात बनाबाई आली. देवीच्या ओट्याची सगळी व्यवस्था बनाबाईकडे असायची.

"भामाबाई, आहे का घरी?"

"आहे ना. ये ना. उद्याच येणार होती मी तुह्याकडे. यंदा गाईचं शेण कोणाच्या गोठ्यातलं घ्यायचं?"

बनाबाई उभीच राहिली. "त्याच्यासाठीच आली. यंदा म्हणलं ... यंदा कौशल्याबाई सारवीन म्हणते ओटा."

"कौशल्याबाई?"

"तसं काही नाही वं. पण पोरीसोरी हसतात. म्हणतात, भामाकाकूचा हात लोखंडाले लागला तं लोखंड कुजलं, देवीच्या ओट्याले काही झालं म्हणजे? त्यायचं काय, पोरीच त्या. तू मनावर घेऊ नोको."

"नाही घेत."

"यंदाच्या साली. पुढल्या साली पाहू."

"बरं."

उकंडराव खाली पडला होता तसाच पडून राहिला. गंजाची एक खपली सुटून त्याच्या डोळ्यात गेली. डोळा चरचरत होता, पाणी येत होतं, पण हात वर नेला तर बनाबाईला कळेल की इथं माणूस आहे आणि तो ऐकतो आहे. त्यानं श्वासही जपून घेतला. एक शब्द पुरला असता. नुसतं बाहेर सरकून म्हणायचं होतं, 'बनाबाई, थे म्याच सांगतलं होतं.' तो जीभ दाताखाली धरून पडला. बनाबाईच्या पायांतल्या जोडव्यांचा आवाज फाटकापर्यंत गेला, मग वाटेवर गेला, मग बंद झाला.

सत्यभामाबाई जीपपाशी आली. खाली वाकली नाही. त्याच्या पायांशी बोलली.

"आयकलं?"

पाय हलले नाहीत.

"कढी गरम करू का?"

"हाव," खालून आवाज आला.

रस्त्याच्या कामावरचं डांबराचं रिकामं पिंप कडूबानं कुठून तरी मिळवलं होतं. त्याचं बूड नि झाकण छिन्नीनं उडवलं, उभं चिरलं, आणि काट्याकुट्यांच्या जाळावर धरून आतलं डांबर वितळवून काढलं. ते डांबर कडूबानं जपून गाडग्यात धरलं. सांध्यांना खालून चोपडायला तेच कामी येणार होतं. मग पत्रा दगडावर ठेवून सपाट करायचा. कडूबा जेवायला घरी गेला होता. सत्यभामाबाईनं दोन हातांत फडकी घेऊन गरम पत्र्याची एक कड धरली होती, दुसरी उकंडरावानं.

"भामे," तो म्हणाला.

तिनं वर बघितलं. अशी हाक तो तिला क्वचित मारी.

"चूक माही होती. भोक लिंप असं म्याच म्हणलं होतं. सारव असंही म्याच म्हणलं होतं. तू तं विचारलं होतं, लोखंडाले सारवतात का म्हणून."

इतकं बोलून त्याला हलकं वाटलं. आता ती रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल, आणि झालं.

सत्यभामाबाईनं पत्रा खाली ठेवला. "हे मले काऊन सांगता?"

"मंग कोणाले सांगू?"

"मले तं ठाऊकच आहे. ज्यायनं थे आयकलं, त्यायले सांगा."

ती फडकी झटकून आत गेली. मग उंबऱ्यातून मागं वळून तिनं विचारलं, "मिरच्या उन्हात घालू का?"

रिबीट मारायला दोन माणसं लागतात. वरून एक ठोकतो, खालून दुसऱ्यानं रिबिटाच्या डोक्याला जड लोखंड टेकवून धरायचं असतं, तेव्हा ते पसरतं आणि पत्रा पकडतं. कडूबा वर बसला. उकंडराव खाली उताणा, छातीवर मोडक्या ऐरणीचा तुकडा घेऊन. वरून हातोडी पडली की ठोका ऐरणीतून त्याच्या छातीच्या हाडात उतरे. एकामागून एक. दात वाजत.

एका रिबिटाच्या वेळी तो म्हणाला, "कडूबा, थे सारवणं होतं ना, थे ..."

ठण्. ठण्. ठण्.

कडूबानं हातोडी थांबवली. पत्र्याची अजून न ठोकलेली कड उचलून खाली बघितलं. त्याचा घामेजलेला चेहरा त्या फटीत चौकटीत बसवल्यासारखा दिसत होता. "काय म्हणलं भाऊ?"

उकंडरावानं तोंड उघडलं. त्या चेहऱ्यात कसलाच आकस नव्हता. कडूबानं हॉटेलासमोर ऐकलं ते मानलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"काही नाही. मार."

ठण्.

संध्याकाळी छातीवर काळानिळा वळ उठला. सत्यभामाबाईनं तो बघितला. हळद-तेल गरम करून आणलं आणि वाटी त्याच्याजवळ ठेवली. विचारलं मात्र नाही, लावू का म्हणून. ती विचारेल याची तो बराच वेळ वाट बघत होता.

सांध्यांना डांबर चोपडलं. पाणी जायचं भोक कडूबानं नव्या पत्र्यालाही पाडलं, आणि उकंडरावाला बोट घालून दाखवलं, "हे बुजू नोका." वर शेंदरी रंगाचा हात दिला, तो वाळल्यावर हिरवा. घट बसले त्या दिवशी देवळाकडून संबळ ऐकू येत होती. सत्यभामाबाई घरीच होती, वाती वळत. ओटा कसा सारवला ते बघायला ती गेली नाही, आणि उकंडरावानं देवळात जा असं तिला म्हटलं नाही.

नवरात्रातला बाजार आला. जीप पहिल्यांदा निघाली. मोतीराम आधीच येऊन उभा होता, सवयीनं चपला हातात घेऊन.

"राहू द्या पायात," उकंडराव म्हणाला. "अन् आज मागं बसा. तिले पुढं बसू द्या."

"आता पुढं वहिनीचा मान? बरं बाबा. माह्या नडगीनं जागा धरली होती, विसरू नोका." तो डालींवर चढला. कडूबा फळीवर बसला.

सत्यभामाबाई पुढं बसली. नवं ठिगळ बरोबर तिच्या पायांखाली होतं. तिनं पाय वर घेतले, मांडी घातली आणि पदर गुडघ्यांखाली खोचला. साऱ्या वाटेनं ती तशीच बसली. नाल्यात जीप हिंदकळली तेव्हाही तिनं पाय खाली सोडला नाही. हातानं चौकट धरली.

दुसरबीडला हॉटेलासमोर जीप थांबली. उकंडराव उतरला आणि हॉटेलात गेला. मोतीराम, कडूबा मागोमाग आले. भट्टीसमोर तीच माणसं होती, किंवा तशीच.

"काय उकंडराव, झाली का पाय निघणारी जीप दुरुस्त?"

"झाली." तो बसला नाही. भट्टीच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. "एक सांगायचं आहे. थे जीप सारवणं माहं होतं. घरच्याईचं नाही. म्याच सांगतलं होतं, भोक लिंप अन् सारव म्हणून. तिनं विचारलं होतं मले, लोखंडाले सारवतात का. त्या दिवशी मी खोटं बोललो."

हॉटेलवाल्यानं उतू जाणारं दूध खाली घेतलं. मग मोतीराम मोठ्यानं हसला.

"वा! वहिनीनं चुलीवरून चांगलंच आयकवलेलं दिसते. नवरात्र आहे ना, देवीले भेलं पाह्यजे माणसानं!"

हॉटेल हसलं.

"मी खरं सांगून राह्यलो."

"खरंच, खरंच," हॉटेलवाला समजूत काढत म्हणाला. "बायकोची बाजू घ्यावी माणसानं. भला माणूस आहे तुमी. बसा, चहा घ्या."

"कडूबा, तू तरी—"

कडूबानं बशीतला चहा फुंकला. "भाऊ, जाऊ द्या ना. बायामाणसाची चूक. कोण मनावर घेते?"

खोटं त्यानं एकदाच सांगितलं होतं, तेही रागात, आणि ते सगळ्यांना लागलीच पटलं होतं. आता खरं सांगून त्याच्या पाठीवर शाबासकीचे हात पडत होते. प्रत्येक थापेसरशी त्याची मान खाली गेली. चहा न घेता तो बाहेर आला.

सत्यभामाबाई मांडी घालून तशीच बसली होती. हॉटेल तिथून लांब नव्हतं. हसणं तिथपर्यंत येतच होतं.

तो डाव्या बाजूनं चढून स्टेअरिंगवर बसला. दोन्ही हात चाकावर ठेवले. हाताच्या रेघांत अजून शेंदरी रंग होता.

"सांगतलं?" तिनं विचारलं.

"सांगतलं."

"मंग?"

"कोणाले पटलं नाही."

तिनं गुडघ्यांखाली खोचलेला पदर सोडवला. मिरचीच्या डालीवर माशा बसत होत्या. पलीकडं कोणाची तरी बैलगाडी वळत होती, आणि गाडीवान बैलाला वाटेल तसं बोलत होता.

"मंग पुढच्या बाजारी पुन्हा सांगा," ती म्हणाली.

आणि मांडी मोडून तिनं दोन्ही पाय खाली, नव्या पत्र्यावर ठेवले.